जुन्या कॉम्प्युटरवर जेंटू टाकायचंय? आधी रॅम किती ते बघा

जेंटू ही अशी लिनक्स आहे की जिच्यात मुळात सॉफ्टवेअर तयार होऊन येत नाही, त्याचा सोर्स कोड येतो आणि तो तुमच्याच मशीनवर कंपाइल होतो, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम तिथेच बनतो. त्यामुळे जुन्या कॉम्प्युटरवर टाकतो म्हटलं की समोरचा पहिल्यांदा हेच म्हणतो की नको, आठवडा जाईल त्यात. मी कोअर टू ड्युओच्या लॅपटॉपवर टाकलंय, ४ जीबी रॅम, आणि तो आज माझा रोजचा लिहायचा-वाचायचा कॉम्प्युटर आहे. आठवडा गेला नाही, पण पहिल्या दोन प्रयत्नांत चुका बऱ्याच झाल्या आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळली, ती आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. जुन्या मशीनवर गाडी अडते ती प्रोसेसरमुळे नाही, रॅममुळे. प्रोसेसर हळू असला तर उशीर होतो, बाकी काही बिघडत नाही. रॅम कमी पडली तर कंपाइल मध्येच मरतं आणि सहा तासांचं काम परत पहिल्यापासून.

जेंटूचं हँडबुक फोनवर किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून ठेवा. अक्षर न अक्षर कमांड तिथे आहेत आणि त्या तिथूनच घ्यायच्या. मी इथे सांगतोय ते म्हणजे जुनं मशीन असेल तर त्यात कुठे काय बदलायचं आणि का.

सुरू करायच्या आधी

पहिलं काम, प्रोसेसर ६४ बिट आहे का ते बघा. कुठलीही लाइव्ह लिनक्स, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालणारी, चालू करून एलएससीपीयू कमांड द्या, फ्लॅग्जच्या यादीत एलएम दिसलं की ६४ बिट. कोअर टू ड्युओ आणि त्यानंतरचे जवळजवळ सगळे तसेच आहेत, पेंटियम एम किंवा पहिल्या नेटबुकांमधला अ‍ॅटम एन२७० मात्र ३२ बिटच. रॅम कमी आहे म्हणून ६४ बिट मशीनवर मुद्दाम ३२ बिट टाकायचा मोह होतो, तो टाळा. तयार बायनरी पॅकेजेस, म्हणजे आधीच कंपाइल केलेले प्रोग्राम, एएमडी६४ साठी (६४ बिट इंटेललाही हेच नाव) मिळतात आणि जुन्या मशीनवर त्यांचाच मोठा आधार असतो, त्याबद्दल खाली सांगतो.

दुसरं, मशीन उघडा आणि साफ करा. हे मी कळकळीने सांगतोय. ब्राउझर वापरताना प्रोसेसर थोडा वेळ राबतो मग थांबतो, कंपाइल करताना दोन्ही कोअर शंभर टक्क्यांवर तासन् तास चालतात. पंख्यात धूळ अडकलेली असेल, थर्मल पेस्ट वाळून गेली असेल तर मशीन तापून आपोआप बंद होणार, तेही नेमकं मोठं पॅकेज चालू असताना. पेस्ट नवीन लावा, आणि लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवा, खालून हवा जाईल असा.

तिसरं, एक रात्र मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा. जीसीसी कंपाइलर मेमरी इतकी घासून वापरतो की एरवी कधी न दिसलेली रॅमची खोट तिथे बाहेर पडते. इंटर्नल कंपाइलर एरर, सेगमेंटेशन फॉल्ट असं काहीतरी स्क्रीनवर येतं आणि माणूस पॅकेजला दोष देत बसतो. ओळखायची सोपी खूण आहे. तेच पॅकेज परत चालवा. एरर बरोबर त्याच फाइलवर आली तर गडबड पॅकेजमध्ये किंवा तुमच्या सेटिंगमध्ये, आणि दर वेळी वेगळ्याच फाइलवर आली तर रॅम खराब आहे किंवा मशीन तापतंय.

चौथं, तारीख. जुन्या मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलेला असतो आणि प्लग काढला की मशीन कित्येक वर्षं मागे जातं. माझ्या पहिल्या प्रयत्नात स्टेज थ्री, म्हणजे जेंटूची तयार बेस सिस्टिम, डाउनलोडच होईना, सर्टिफिकेट अजून वैध नाही असं सांगत होतं, आणि मी तासभर नेटवर्क तपासत बसलो, शेवटी डेट कमांड दिली तेव्हा कळलं. सेल बदला, बहुतेक मशीनमध्ये सीआर २०३२ लागतो, आणि बूट झाल्या झाल्या तारीख बघायची सवय लावा. तारीख चुकीची असली तर नुसतं डाउनलोड अडत नाही, कंपाइल चालवणारं मेक हे टूल सुद्धा फाइलींच्या वेळा बघून गोंधळतं आणि क्लॉक स्क्यू म्हणून कुरकुर करतं.

बूट, पार्टिशन, स्टेज थ्री

मिनिमल सीडी, म्हणजे जेंटू टाकायला लागणारी छोटी बूट सिस्टिम, तिची इमेज पेनड्राइव्हवर लिहा. काही जुने बायोस पेनड्राइव्हवरून बूटच होत नाहीत, तिथे सीडी किंवा डीव्हीडी जाळावी लागते. नेटसाठी शक्यतो केबल लावा, कारण जुन्या वायफाय कार्डांना वेगळं फर्मवेअर लागतं आणि इन्स्टॉलच्या वेळी ते शोधत बसण्यात अर्थ नाही.

नेट चालू झालं की रूट म्हणजे मुख्य युजर, त्याचा पासवर्ड सेट करा, दुसरीकडून लॉगिन करू देणारी एसएसएच सर्व्हिस चालू करा आणि पुढचं सगळं दुसऱ्या कॉम्प्युटरवरून करा. हँडबुकमधून कमांड कॉपी-पेस्ट करता येतात आणि टाइपिंगच्या चुका होत नाहीत. फक्त लॉगिन केल्यावर आधी स्क्रीन किंवा टीमक्स ह्यातला एक प्रोग्राम चालू करा आणि त्याच्या आत काम करा, नाहीतर मधेच कनेक्शन तुटलं की चालू कंपाइल त्याच्याबरोबर गेलं.

पार्टिशन करताना हँडबुकमधले यूईएफआयचे, म्हणजे नव्या मशीनच्या बूट पद्धतीचे, भाग सोडून द्या, मशीन जुनं आहे, साधा बायोस असणार. एमबीआर हे जुन्या पद्धतीचं पार्टिशन टेबल घ्या, सरळ मामला. जीपीटी हे नवं टेबल हवंच असेल तर ग्रब ह्या बूटलोडरसाठी एक-दोन एमबीचं बायोस बूट पार्टिशन वेगळं ठेवावं लागतं आणि तेच विसरलं जातं. मी दोनच पार्टिशन करतो, एक स्वॅप, म्हणजे रॅम संपली की वापरायची डिस्कवरची जागा, आणि एक रूट, म्हणजे बाकी सगळी सिस्टिम. स्वॅपमध्ये कंजूषपणा करू नका, रॅम ४ जीबी असेल तर स्वॅप ८ जीबी द्या. रूटला ईएक्सटी४ पुरतं. डिस्क फारच लहान असेल, रूट ८ जीबीच्या आत, तर फॉरमॅट करताना स्मॉल हा प्रकार द्यायचा, कारण पोर्टेजच्या, म्हणजे जेंटूच्या पॅकेज मॅनेजरच्या, झाडात लाखभर बारक्या फाइली असतात आणि जागा शिल्लक असूनही आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदी, संपतात. हार्डडिस्क काढून साधी साटा एसएसडी घालता आली तर जरूर घाला, रोजच्या वापरात त्याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

स्टेज थ्री म्हणजे तयार बेस सिस्टिमचा टारबॉल, एकत्र बांधलेली फाइल. त्यात बरेच प्रकार दिसतील, तुम्ही साधा ओपनआरसीवाला घ्या, डेस्कटॉपवाला नको. ओपनआरसी हे बूटच्या वेळी सर्व्हिसेस चालू करणारं सॉफ्टवेअर हलकं आहे, बूट होताना काय चाललंय ते समोर दिसतं आणि लहान मशीनला झेपतं. सही तपासा, माउंट केलेल्या रूट पार्टिशनमध्ये जा आणि तिथेच उघडा, हँडबुकमध्ये दिलेले टारचे सगळे ऑप्शन जसेच्या तसे देऊन. परमिशन आणि एक्सॅटर (फाइलींची जादा माहिती) नीट उतरले नाहीत तर पुढे असे काही विचित्र प्रॉब्लेम येतात की त्याचं कारण इथे आहे हे लक्षातच येत नाही.

मेक डॉट कॉन्फ, खरं काम इथे आहे

ईटीसीच्या आत पोर्टेज फोल्डरमध्ये ही फाइल असते, कंपाइल कसं करायचं ते तिच्यात लिहायचं. कॉमन फ्लॅग्ज ह्या कंपाइलरच्या सूचनांच्या ओळीत मार्च नेटिव्ह, ओ२ आणि पाइप, बस. ओ३ घालू नका, कंपाइलला वेळ आणि मेमरी जास्त लागते, बायनरी फुगते आणि वेग वाढेलच असं नाही. मार्च नेटिव्ह म्हणजे ह्याच प्रोसेसरला जे जे येतं ते सगळं वापर. उद्या ही डिस्क काढून आणखी जुन्या मशीनला लावली तर प्रोग्राम इल्लीगल इन्स्ट्रक्शन म्हणून पडतील, तेवढं लक्षात असू द्या. पाइपमुळे कंपाइल थोडं पटापट होतं पण मेमरी जास्त लागते, रॅम १ जीबी वगैरे असेल तर तो काढून टाका.

आता मेकऑप्ट्स. एका वेळी कंपाइलरच्या किती प्रोसेस चालवायच्या ते जे च्या पुढे लिहायचं. बरेच लोक कोअर मोजतात आणि तोच आकडा घालतात, आणि जुन्या मशीनवर इथेच घात होतो. हिशेब असा करायचा: दर प्रोसेसला २ जीबी रॅम धरा, एकूण रॅमला दोनने भागा, आलेला आकडा आणि कोअरची संख्या ह्यातला जो लहान तो घ्या. ४ जीबी आणि दोन कोअर म्हणजे जे २. २ जीबी आणि चार कोअर असले तरी जे १. शिवाय ईमर्ज ह्या पॅकेज टाकायच्या कमांडला स्वतःचा जॉब्स ऑप्शन असतो, त्याने एकाच वेळी दोन-तीन पॅकेजेस चालू होतात, तो जुन्या मशीनवर द्यायचाच नाही.

माझा दुसरा प्रयत्न इथेच फसला. जे ४ ठेवलं होतं, रात्री क्लँग हा मोठा कंपाइलर बांधायला लावून झोपलो, सकाळी बघतो तर स्क्रीनवर किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१प्लस. डीमेसेजमध्ये कर्नलचे संदेश बघितले तर आउट ऑफ मेमरी. सी प्लस प्लसच्या काही फाइली एकेकट्या १ जीबीच्या वर मेमरी खातात, अशा चार एकदम आल्या, स्वॅप भरला आणि कर्नलने सगळ्यात मोठी प्रोसेस मारून टाकली. ही ओळ दिसली की समजा, पॅकेज खराब नाही, फक्त जे कमी करा. सगळ्यासाठी कमी करायची गरज नाही, पोर्टेजमध्ये पॅकेज डॉट ईएनव्ही नावाची सोय आहे, त्यात फक्त त्या एका पॅकेजसाठी जे १ लिहून ठेवता येतं. मी अशी पाच-सहा पॅकेजेस लिहून ठेवलीत आणि त्यानंतर हा त्रास परत झालेला नाही.

बऱ्याच ठिकाणी सल्ला दिसेल की व्हार टेंप पोर्टेज हा फोल्डर टेंपएफएसवर, म्हणजे रॅममध्येच केलेल्या डिस्कवर, घ्या, म्हणजे कंपाइल रॅममध्येच होईल. १६ जीबीवाल्यांनी करावं. आपल्याकडे जी रॅम कंपाइलरलाच पुरत नाही त्यात फाइली कुठून ठेवणार. ह्याउलट झेडरॅमचा उपयोग होतो, रॅमचाच एक भाग कॉम्प्रेस करून स्वॅपसारखा वापरला जातो, आणि डिस्कवरच्या स्वॅपपेक्षा तो कितीतरी चपळ असतो.

यूज फ्लॅग्ज म्हणजे पॅकेजमधली कुठली सोय हवी, कुठली नको हे सांगणारे शब्द, त्यांच्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. नवीन माणूस उत्साहात चाळीस-पन्नास फ्लॅग मायनस लावून टाकतो, मीही तेच केलं होतं, मग एका प्रोग्रामला त्यातला एक लागतो, तो परत चालू केला की वीस पॅकेजेस पुन्हा कंपाइल. सुरुवातीला प्रोफाइलवर, म्हणजे जेंटूने ठरवून दिलेल्या सेटिंगच्या संचावर, भरवसा ठेवा, जे तुमच्याकडे नाहीच तेवढं काढा, ब्लूटूथ नसेल तर ब्लूटूथ, प्रिंटर नसेल तर कप्स, आणि बाकीचं एकेका पॅकेजपुरतं पॅकेज डॉट यूजमध्ये लिहा. व्हिडिओ कार्ड्समध्ये मात्र तुमचं एकच कार्ड लिहा, म्हणजे मेसा हे ग्राफिक्सचं पॅकेज बाकीच्यांचे ड्रायव्हर बांधत बसणार नाही. इंटेलची जुनी चिप असेल तर इंटेल, जुनं एनव्हिडिया असेल तर नूवो, कारण कंपनीचा आताचा ड्रायव्हर त्या कार्डांना चालत नाही. प्रोसेसरचे फ्लॅग काढायला सीपीयूआयडी टू सीपीयूफ्लॅग्ज नावाचं छोटं टूल आहे, ते जे सांगेल ते तसंच उतरवून घ्या.

बायनरी घ्यायला लाजू नका

२०२३ च्या डिसेंबरपासून जेंटू स्वतः एएमडी६४ आणि एआरएम६४ साठी तयार बायनरी पॅकेजेस देतं. जुन्या मशीनवाल्यांसाठी ही फार मोठी गोष्ट झाली. मेक डॉट कॉन्फच्या फीचर्समध्ये गेटबिनपीकेजी लिहायचं, गेटूटो चालवून सह्या तपासायच्या किल्ल्या आणायच्या, की झालं. तुमचे यूज फ्लॅग त्या पॅकेजशी जुळले तर तयार पॅकेज येतं, नाही जुळले तर सोर्समधून बनवायला लागतं, म्हणूनही वर म्हटलं की फ्लॅग कमी बदला. एक सावधगिरी, ह्या पॅकेजेसचे दोन संच आहेत, एक साधा एक्स८६-६४ आणि एक व्ही३. व्ही३ ला प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ लागतं आणि इंटेलमध्ये ते २०१३ च्या हॅसवेलपासून आलं, म्हणजे त्याआधीच्या मशीनला साधाच संच लावायचा.

मग जेंटू कशाला, असं कोणी विचारेल. माझं उत्तर सरळ आहे. जीसीसी, एलएलव्हीएम, रस्ट, सीमेक ही हत्यारं आहेत, ती मी बांधली काय आणि दुसऱ्याने बांधली काय, मला फरक पडत नाही, ती तयार घेतो. फायरफॉक्सची बिन आवृत्ती घेतो, लिबरऑफिसचीही. जे मला माझ्या पद्धतीने हवंय, व्हिडिओ प्लेअर, एडिटर, विंडो मॅनेजर, ते सोर्समधून. वेळ जिथे सार्थकी लागतो तिथेच घालवायचा.

प्रत्येक ईमर्जच्या आधी प्रिटेंड आणि ट्री हे ऑप्शन देऊन यादी बघा. काय काय येणार, कोणामुळे येणार, ते झाडासारखं दिसतं, ओळीच्या सुरुवातीला ईबिल्ड असेल तर कंपाइल होणार आणि बायनरी असेल तर तयार येणार. वेबकिट जीटीके, क्यूटी वेबइंजिन ही ब्राउझर इंजिनांची नावं दिसली की थांबा. एखाद्या बारक्या प्रोग्रामच्या एका फ्लॅगमुळे ती आत शिरतात आणि दोन दिवस खातात, बऱ्याचदा तो एक फ्लॅग काढला की सुटका होते.

चरूट ते रीबूट

हा भाग हँडबुकप्रमाणे भराभर होतो. प्रॉक, सिस, डेव्ह, रन माउंट करायचे, रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ कॉपी करायची, चरूट करायचं म्हणजे नव्या सिस्टिमच्या आत शिरायचं, वेबआरसिंकने पोर्टेजचं झाड आणायचं, ईसिलेक्टने प्रोफाइल बघायची. मार्च नेटिव्ह लागू व्हावं म्हणून काही जण इथेच सगळी बेस सिस्टिम नव्याने कंपाइल करतात, जुन्या मशीनवर ते करू नका, पुढे अपडेट होत जातील तशी पॅकेजेस आपोआप नव्या फ्लॅगने बनतात.

कर्नल पहिल्यांदा तयारच घ्या, जेंटू कर्नल बिन. त्याआधी लिनक्स फर्मवेअरचं लायसन्स मान्य करून ठेवा, नाहीतर ईमर्ज तिथेच थांबतं. सिस्टिम नीट चालायला लागली, एखादा महिना गेला, की मग जेंटू सोर्सेस घेऊन स्वतःचं कर्नल बनवा, लोकलमॉडकॉन्फिग वापरून. तो त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूल्स ठेवतो, म्हणून आधी वेबकॅम, यूएसबी वायफाय, पेनड्राइव्ह, जे जे कधी लागणार ते सगळं जोडून ठेवा.

एफएसटॅब ह्या पार्टिशनच्या यादीत यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक, लिहा, ग्रब अख्ख्या डिस्कवर टाका म्हणजे एसडीए, एसडीए१ ह्या पार्टिशनवर नाही. आणि रीबूटच्या आधी दोन गोष्टी परत तपासा, रूटचा पासवर्ड दिलाय का आणि नेटचा पत्ता मिळवणारं डीएचसीपीसीडी टाकलंय का. नेटचं हे राहिलं की नवीन सिस्टिम चालू होते पण बाहेर जाताच येत नाही. तसं झालं किंवा बूटच झालं नाही तरी घाबरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका, परत मिनिमल सीडीने बूट करायचं, पार्टिशन माउंट करून चरूट करायचं, राहिलेलं काम करून बाहेर पडायचं. तुमचं काहीही वाया गेलेलं नसतं.

डेस्कटॉपसाठी एक्सएफसीई छान चालतं, रॅम २ जीबीच असेल तर नुसता ओपनबॉक्स किंवा आय३ हा विंडो मॅनेजर.

घरात दुसरं दणकट मशीन असेल तर

मग अर्धं ओझं त्याच्यावर टाकता येतं. त्या मशीनवर एका फोल्डरमध्ये हाच स्टेज थ्री उघडा, चरूट करा, जुन्या मशीनचं मेक डॉट कॉन्फ तिथे ठेवा आणि फीचर्समध्ये बिल्डपीकेजी लिहा. पॅकेजेस तिकडे बनतात, इकडे नुसती इन्स्टॉल करायची. पण तिथे मार्च नेटिव्ह ठेवायचं नाही, नेटिव्हचा अर्थ त्या नव्या प्रोसेसरप्रमाणे लागेल आणि जुन्यावर काहीच चालणार नाही. नाव स्पष्ट लिहा, माझ्यासाठी कोअर२. डिस्टसीसी, म्हणजे कंपाइलचं काम दुसऱ्या मशीनला वाटून देणारं टूल, वापरणार असाल तरी हाच नियम.

रोजचं चालवणं

अपडेट आठवड्याला एकदा करा. महिनोन् महिने साचवून केलं की पॅकेजेस एकमेकांत अडकतात आणि सोडवताना जीव जातो. आधी ईसिलेक्ट न्यूज वाचा, २०२४ च्या मार्चमध्ये २३.० प्रोफाइल आली तेव्हा कुठल्या क्रमाने काय करायचं हे त्या न्यूजमध्येच दिलं होतं, न वाचता पुढे गेलेल्यांचे हाल झाले. दिवसा फेच ओन्ली देऊन सोर्स उतरवून घ्यायचे, रात्री कीप गोइंग लावून अपडेट सोडायचं, म्हणजे एखादं पॅकेज पडलं तरी बाकीची पुढे जातात. मधेच मशीन बंद पडलं तर रिझ्यूम दिलं की यादी पुढे चालू होते, जे पॅकेज अर्ध्यात होतं ते मात्र पहिल्यापासून. नंतर नको असलेलं काढायला डीपक्लीन आणि ईक्लीन, नाहीतर उतरवलेल्या सोर्सचा डिस्टफाइल्स फोल्डर बघता बघता कित्येक जीबी होतो.

पोर्टेज युटिल्समध्ये क्यूलॉप नावाची कमांड आहे, ती कुठल्या पॅकेजला तुमच्या मशीनवर किती वेळ लागला ते सांगते. दोन-तीन महिन्यांनी तिचा इतिहास काढून बघा. जे पॅकेज दोन तासांच्या वर जातंय ते बायनरी यादीत टाका, जे वीस मिनिटांत होतंय ते सोर्समधून राहू द्या. माझी यादी अशीच हळूहळू ठरत गेली, आणि आता रविवारी रात्री अपडेट लावलं की सकाळपर्यंत ते संपलेलं असतं.